आमच्या ह्यांचं हत्यारांचं खूळ

ह्यांनी दुकानदाराच्या हातातून ड्रिल मशीन घेतलं आणि पिस्तूल रोखावं तसं माझ्याकडं धरलं. मी दुखरा गुडघा पुढं लांब करून प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते.

"घाला गोळी एकदाची," मी म्हटलं. "डॉक्टरानं ठेवलंय ते तरी कशाला मागं ठेवताय."

दुकानदार अन्वरभाई हसले आणि त्यांनी ह्यांचं मनगट धरून मशीनचं तोंड अलगद खाली केलं. कोल्हापुरात उद्यमनगरातलं दुकान ते. भिंतभर करवती टांगलेल्या, काचेच्या कपाटात मशीनं मांडलेली, आणि मधोमध आमचे हे, जत्रेत आल्यासारखे, ह्याला हात लाव, ते उचलून बघ.

सकाळी मुरगूडहून आम्ही आलो होतो ते खरं म्हणजे हाडांच्या डॉक्टरकडं. त्यानं गुडघ्यांचा फोटो उजेडापुढं धरला आणि फर्मान काढलं. जमिनीवर बसणं बंद. मांडी घालायची नाही, उकिडवं बसायचं नाही, फार वेळ उभंही राहायचं नाही. ह्यांनी दवाखान्याच्या पायरीवरनंच दिगंबरला, आमच्या मुलाला, फोन लावला. दिगंबर घरून रोज निपाणीच्या बँकेत जातो आणि कुठल्याही गोष्टीचा निकाल उभ्याउभ्या लावायची त्याला सवय आहे. त्यानं फोनवरच ठरवून टाकलं, की दसऱ्यापासून भाजी निवडाय-चिरायला एक बाई लावायची, बाकीचं त्याची बायको वृंदा बघेल, आणि आईनं सोप्यात टीव्हीपुढं खुर्चीत बसून आराम करायचा. फोनचा आवाज मोठा होता. पायरीवर बसलेल्या दोघीतिघी माझ्याकडं बघून, नशीब काढलंस बाई, अशा माना हलवायला लागल्या.

मला रडू आलं नाही. मला राग आला.

लग्न होऊन ह्या घरात आले तेव्हा सासूनं पहिली वस्तू हातात दिली ती विळी. स्वयंपाकघरात खिडकीखाली तिची जागा. तिथं बसलं की समोर दार, उजवीकडं गॅस, डावीकडं डब्यांची मांडणी. दूधवाला आला ते कळतं, दूध उतू चाललं ते कळतं, सूनबाई कुठल्या डब्यातली साखर किती काढते तेही कळतं. लोकांची ऑफिसं असतात तसं ते माझं ऑफिस. आणि विळी खाली असते. खाली बसायचं बंद म्हणजे विळी बंद, विळी बंद म्हणजे खिडकीखालची जागा गेली, आणि ती गेली म्हणजे सगुणाबाई चौगुले सोप्यात, जाहिराती बघत. सुरीनं चिर म्हणून वृंदा मला कितीदा म्हणाली होती. सुरी दवाखान्यात सफरचंद कापायला ठीक. ती काय भाजी चिरायची वस्तू आहे.

असं सगळं डोक्यात घोळत असताना हे म्हणाले, जरा उद्यमनगरात जाऊन येऊ. मला वाटलं, पंपाचं काहीतरी असेल. तर हे हत्यारं घ्यायला.

आता ह्यांची आणि हत्यारांची ओळख किती ते सांगते. स्वयंपाकघरात कॅलेंडरसाठी ह्यांनी एक खिळा मारला होता. तो इतका कलता बसला, की कॅलेंडर सगळं वर्ष दारू प्यालेल्या माणसासारखं एका खांद्यावर उभं. सगळी हयात ह्यांनी साखर कारखान्याच्या टाइम ऑफिसात काढली. कोण कामगार किती वाजता आला, कोण किती वाजता गेला, ह्यावर नजर ठेवायची. रिटायर झाल्यावर ती नजर घरावर आली. भाकरी आज उशिरा झाली. नळाचं पाणी आज लवकर गेलं. मग कुंड्यांचं खूळ आलं, मग साबुदाण्यासारख्या पांढऱ्या गोळ्यांच्या औषधांचं. आता हे.

"घरच्या घरी एक छोटं वर्कशॉप करायचं म्हणतोय," हे अन्वरभाईंना सांगत होते. "मोठं कटर दाखवा. आणि ते ग्राइंडर."

अन्वरभाईंनी विचारलं, करणार काय ते आधी सांगा, मग कुठलं हत्यार लागेल ते मी सांगतो. ह्यांनी माझ्याकडं चोरून बघितलं आणि म्हणाले, असंच, घरातलं किरकोळ.

"किरकोळ म्हणजे कॅलेंडरचे खिळे," मी खुर्चीवरून सांगितलं. "त्याला मोठं कटर लागतंच."

अन्वरभाई भला माणूस. हसू मिशीत ठेवून त्यांनी ग्राइंडर सुरू करून दाखवलं. चकती अशी भिंगरीसारखी फिरली आणि लोखंडाच्या तुकड्यावर टेकवली तशी ठिणग्यांची फुलबाजी उडाली. हे दोन पावलं मागं सरकून माझ्या पायावर आले. मी म्हटलं, हे परत कपाटात ठेवा, आम्हाला दिवाळी घरी करायची आहे. तिथून पुढं निवड माझ्याकडं आली. कुणी दिली नाही, मीच घेतली. प्रत्येक हत्यार ह्यांच्या हातात द्यायला लावायचे आणि कसं धरतात ते बघायचे. जिगसॉ म्हणून करवतीचं एक मशीन होतं, ते सुरू केल्यावर ह्यांचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला. परत. हातकरवत ह्यांनी आधी पेनासारखी धरली, मग अन्वरभाईंनी दाखवल्यावर बरी धरली. ती घेतली. रंधा घेतला, पटाशी घेतली, काटकोन बघायचा गुण्या घेतला. स्क्रू पिळायला मनगटात जोर नाही हे मला माहीत, म्हणून ते पिस्तुलासारखं ड्रिल तेवढं मशीन म्हणून मंजूर केलं. आणि हातोडी मी स्वतः निवडली, सगळ्यांत मोठी, चांगली ठसठशीत. हे म्हणत होते, लहान बघ. मी म्हटलं, घ्यायची तर नीट वस्तू घ्यावी.

मग हे अन्वरभाईंना कोपऱ्यात घेऊन गेले आणि दोघांचं कुजबुजणं सुरू झालं. मध्येच दोघंही वळून माझ्या पायांकडं बघायचे. मी पदर पोटऱ्यांवर ओढून घेतला.

जरा वेळानं हे आले आणि म्हणाले, ती खुर्ची डुगडुगते, ह्या स्टुलावर बस. बसले. मग म्हणाले, हे उंच झालं, त्या खोक्यावर बस. बसले. दुखऱ्या पायाची आज फारच काळजी चालली होती. मग मेजपट्टी घेऊन आले, तिचं एक टोक फरशीवर टेकवलं आणि दुसरं माझ्या कोपरापर्यंत ओढलं.

"हे काय चाललंय?"

"पट्टी नीट सरकते का बघतोय."

"तिरडीचं माप नव्हं ना घेत? ते आडवं घेतात."

अन्वरभाईंनी पाठ फिरवली, पण त्यांचे खांदे हलत होते. ह्यांनी खिशातून चिठोरं काढून त्यावर काहीतरी लिहिलं आणि परत खिशात टाकलं. एस.टी.त सगळा वेळ हत्यारांचं खोकं मांडीवर घेऊन बसले. कागल गेल्यावर ड्रिल बाहेर काढून शेजारच्या माणसाला दाखवलंसुद्धा.

घरी परड्यात आमचा जुना गोठा आहे. म्हैस विकल्यापासून तिथं मी शेणी रचत होते. दुसऱ्याच दिवशी माझ्या शेणी बाहेर आणि ह्यांचं वर्कशॉप आत. जुन्या दाराची फळी विटांवर आडवी टाकून बाकडं केलं. सकाळचा चहा झाला की हे गोठ्यात, ते जेवायला हाक मारेपर्यंत. आधी घरघर, मग ठाक-ठाक, मग शांतता, आणि मग 'आई गं'. माझ्या पसंतीच्या हातोडीनं पहिल्याच दिवशी ह्यांचा अंगठा काळानिळा केला. मी हळद लावून दिली आणि हातोडी चांगली असल्याचं पुन्हा सांगितलं.

गोठ्यात काय चाललंय ते बघायला मी गेले नाही. मला कुणी बोलावलं नव्हतं आणि न बोलावता जायची माझी रीत नाही. वृंदाला मात्र तिथं वारंवार काम निघायचं. चहा नेऊन द्यायला गेली की चहा पिकवून आल्यासारखी उशिरा यायची, अंबाड्यात लाकडाचा भुसा आणि तोंडावर हसू. मी विचारलं की म्हणायची, "मामांचं काम फार सुबक आहे, आत्याबाई." ह्या पोरीला खोटं बोलता येत नाही. खोटं बोलली की तिचे कान लाल होतात.

दसरा जवळ येत होता आणि मी तोवर खालीच बसत होते. दिगंबर बँकेत गेला की विळी मांडायची. बसताना काही नाही, उठताना कळ यायची. मग तांदळाच्या पिंपाला धरून, एक गुडघा वर, जरा थांबायचं, मग दुसरा. एकदा अशी पिंपाला मिठी मारून अर्ध्यात अडकलेली असताना दारात हे आणि वृंदा दोघंही उभे. वृंदानं तोंड फिरवलं आणि हातातल्या रिकाम्या कपबशीकडं फार लक्ष देऊन बघत बसली. हे तसेच मागं वळले. जरा वेळात गोठ्यातून घरघर सुरू झाली, ती त्या दिवशी जेवायच्या हाकेलाही थांबली नाही.

खंडेनवमीला आमच्याकडं ज्यानं त्यानं आपापलं हत्यार देवापुढं ठेवायचं. कोयता, खुरपं, वृंदाचं शिलाई मशीन. दिगंबर स्कूटर धुऊन दारात लावतो. विळी मी स्वतः चिंचेनं घासून ठेवते. त्या वर्षी विळी घासून ठेवली होती, तर जागेवर नाही. विचारलं तर सगळे कानांवर हात ठेवणारे. वृंदाचे कान लाल.

देवघरापुढं गेले तर ह्यांची सगळी फौज ओळीनं मांडलेली. करवत, रंधा, पटाशी, गुण्या, ड्रिलच्या तोंडात झेंडूचं फूल खोचलेलं. आणि शेजारी चादरीखाली झाकलेलं काहीतरी उंच. ह्यांनी आधी घसा साफ केला, मग चादर ओढली.

एक टेबल होतं. अरुंद, उंच, चार पायांचं. एक पाय जरा तोकडा, त्याखाली पुठ्ठ्याची घडी. कडा मात्र रंध्यानं घासून अशा गुळगुळीत केल्या होत्या, की साडीचा धागा अडकू नये. शेजारी तेवढ्याच हिशेबातली एक बिनहाताची खुर्ची. आणि टेबलावर मधोमध माझी विळी, पात्याला हळदकुंकू.

"खाली बसायचं नाही म्हणाला ना डॉक्टर," हे म्हणाले. "मग विळीच वर आणली."

मी टेबलाच्या कडेवरून हात फिरवला. शेवटी म्हटलं, पुठ्ठा तेवढा बदला, त्यावर बिस्किटाची जाहिरात आहे.

पुजलेलं हत्यार त्या दिवशी हलवायचं नाही. भाज्या आदल्या दिवशीच चिरून ठेवलेल्या. टेबल दिवसभर देवापुढं फुलं अंगावर घेऊन उभं राहिलं, आणि मला त्या दिवशी देवघराकडं बरीच कामं निघाली. समईत तेल बघायचं. फुलं सरळ करायची.

रात्री जेवताना दिगंबरनं विषय काढला. तो वाईट नाही, त्याला फक्त सगळं लवकर निपटायचं असतं. म्हणाला, बाबांनी हौसेनं केलंय ते ठीक आहे, पण बाईला मी शब्द दिलाय. हे म्हणाले, उद्या दसऱ्याची भाजी तिला करू दे, मग बोल. दिगंबरनं जरा विचार केला आणि म्हणाला, बरं, उद्या दुपारच्या जेवणाची सगळी चिराचिरी आईनं त्या टेबलावर केली तर बाईला नको म्हणून सांगतो. नाही जमलं तर परवापासून बाई, आणि मग आईनं हट्ट करायचा नाही. मी म्हटलं, कबूल. मला काय, मला वाटलं, भाजी चिरायची तर आहे.

सकाळी हत्यारं उचलली, आणि ह्यांनी आणि दिगंबरनं टेबल खिडकीखाली माझ्या जागेवर आणून ठेवलं. मी खुर्चीवर बसले. उंची अशी बरोबर, की कोपर नीट टेकत होतं. दुकानातल्या त्या मेजपट्टीचा उलगडा तेव्हा झाला. वृंदानं कोबीचा गड्डा हातात दिला. तिघंही बघायला उभे.

कोबी पात्यावर ठेवला, दाबला, आणि विळी गर्रकन फिरली. कोबी एकीकडं, मी एकीकडं.

पुन्हा ठेवली. ह्यावेळी पाट मागून उचलला गेला आणि विळी पुढं कलंडली. दिगंबरनं झडप घालून धरली. ह्यांनी पाट हातानं दाबून बघितला, तर त्यांचाच हात पात्यापुढं येत होता. तिसऱ्यांदा टेबलच चालायला लागलं.

"बास आई," दिगंबर म्हणाला. "बोट जाईल."

"असं कसं?" हे टेबलाकडं बघत होते. "मापं सगळी बरोबर आहेत."

"इतकी वर्षं माझ्या हातचं खाताय," मी म्हटलं, "मी विळी कशी धरते ते एकदा तरी बघितलंय का?"

ह्यांनी हातांनी हवेत कोबी धरून दाखवला.

"तो हात झाला. विळी पायानं धरतात. पाटावर पाय दाबलेला असतो, म्हणून ती जागची हलत नाही. हात तर नुसते कोबी सरकवतात."

घरातले दोघंही बाप्ये माझ्या पायाकडं बघायला लागले. जेवणाच्या पाटावर बसून रोज समोर बघत होते, आणि दोघांनाही पाय कधी दिसला नव्हता. वृंदा तर सुरीवाली, तिलाही सुचलं नाही. ह्यांनी माझी कोपरापर्यंतची उंची मोजली, बसायची उंची बघितली, साडीचा धागा अडकू नये इथवर विचार केला. पाय तेवढा राहिला.

दिगंबर म्हणाला, असू दे, बाबा, आणि खांद्यावर हात ठेवला. मग पिशवी घेऊन तो श्रीखंड आणि आपट्याची पानं आणायला बाहेर गेला. जाताना वृंदाला म्हणाला, उद्याचं त्या बाईला सांगून येतो. ह्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली, आणि परड्यात गेले.

एरवी मी त्यांना जाऊ दिलं असतं. त्या दिवशी मागोमाग गेले, भिंतीला धरून. गोठ्यात पहिल्यांदाच पाऊल टाकलं. भुसा घोट्यापर्यंत. कोपऱ्यात तोडलेल्या, फुकट गेलेल्या फळ्यांचा हा ढीग, म्हणजे हे टेबल काही पहिलं नव्हतं. हे पोत्यावर बसले होते. मी दारात उभी राहिले.

"मी रिटायर झालो ना," हे म्हणाले, "त्या दिवशी किल्ल्या द्यायला टेबलाशी उभा होतो. किल्ल्या मोजून देईपर्यंत तो नवा माणूस खुर्चीवर बसलासुद्धा. चांगला माणूस. हसून म्हणाला, चौगुलेसाहेब, आता आराम करा."

मी दाराची चौकट सोडून पोत्याजवळ आले.

"दिगूनं परवा फोनवर तोच शब्द वापरला."

एवढंच बोलले. कारखान्यातून हार-नारळ घेऊन आले त्या संध्याकाळी मी त्यांना चहा दिला होता आणि विचारलं होतं, नारळ फोडायचा की ठेवायचा. ते खुर्चीचं मला कधी सांगितलं नव्हतं. आणि आता सांगितलं ते माझ्याकडं न बघता, त्या फळीच्या बाकड्याकडं बघत. म्हणून मीही बाकड्याकडं बघितलं. बाकड्याच्या कडेला एक अर्धी कापलेली फळी होती. तिला लोखंडाच्या वाकड्या आकड्यानं पकडून खालून स्क्रूनं आवळून टाकलं होतं. मी फळी हलवून बघितली. हलेना. जोर लावला, तरी नाही.

"हे काय आहे?"

"शिकंजा. करवत चालवताना फळी हलू नये म्हणून लावतात."

"म्हणजे पाय."

ह्यांनी वर बघितलं.

"पायाचं काम करतोय ना तो? मग सोडवा आणि आणा. दुसरा असला तर तोही आणा. आणि जरा लवकर, माझा कोबी पडलाय."

मग जी धावपळ झाली ती काय सांगू. एक शिकंजा विळीच्या पाटाला पुढून, एक मागून. टेबल भिंतीला भिडवलं, म्हणजे चालायचं बंद. ह्यांनी स्क्रू पिळले, मी हलवून बघितलं, म्हटलं अजून, त्यांनी अजून पिळले. वृंदा गॅस बारीक करून येऊन उभी. मी बसले, कोबी ठेवला, आणि पात्यातून केसासारखा बारीक कोबी टेबलावर सांडायला लागला. विळी अशी बसली होती, जशी जमिनीतून उगवून आली आहे. गुडघा खुर्चीखाली निवांत. समोर दार, उजवीकडं गॅस, डावीकडं डबे. आणि एक नवीन, बसल्या जागेवरून खिडकीबाहेरचंही दिसत होतं, जे खाली बसून मला इतक्या वर्षांत कधी दिसलं नव्हतं.

काकडी झाली, बटाटे झाले, मिरच्या झाल्या. दुसरा कोबी तेवढा राहिला. हे शेजारी हात मागं बांधून उभे होते. माझ्या हातांकडं बघायचे, शिकंजाकडं बघायचे, पुन्हा हातांकडं. स्वतःचं काम चालताना बघत होते, पण त्यात त्यांना करायला काही उरलं नव्हतं. गोठ्यातलं टेबलाचं काम संपलं होतं. आता पुन्हा उद्यापासून भाकरीला उशीर आणि नळाचं पाणी.

मी उठले.

"बसा," मी म्हटलं.

"मी?"

"हात धुऊन."

वृंदाच्या हातातला झारा थांबला. ह्या घरात कुठला बाप्या विळीवर बसला नव्हता. विळी म्हणजे खाली बसायचं, पाय टाकून, बाईसारखं. पण हे टेबल होतं, खुर्ची होती, स्क्रू होते. ह्यांनी हात धुतले, चष्मा पुसला आणि बसले. मी मागं उभी राहून बोटं कुठं ठेवायची ते सांगितलं. पहिला काप इतका जाड पडला, की त्यावर पाय देऊन भिंत चढावी. दुसरा त्याहून जाड. मी सांगत गेले, ते कापत गेले, जीभ दातांत धरून. टेबलावर चिरलेला कोबी कमी आणि दगडविटा जास्त असं दिसत होतं. पण गड्डा संपला. शेवटचा काप पडला तेव्हा ते मागं टेकले आणि एकदा खिडकीतून बाहेर बघितलं. ती खुर्ची त्यांना बसली होती.

वृंदानं दोन्ही कोबी एकत्र फोडणीला टाकले. मी तिला मीठ काढून दिलं.

दुपारी सगळे पाटावर जेवायला बसले, मी माझ्या टेबलाशी, विळीशेजारी ताट ठेवून. दिगंबर श्रीखंड घेऊन आला तेव्हाच चिरलेल्या काकडीचं ताट बघून चपापला होता. शिकंजे वाकून बघितले, विळी हलवून बघितली. कबूल केलं होतं ते आठवत असावं. मग भाजीचा पहिला घास घेतला, आणि चावताना थांबला. बोटांत कोबीचा एक तुकडा उचलून धरला. चांगला अंगठ्याएवढा, कच्चट.

"आई," तो म्हणाला, "कोबी कुणी चिरलाय?"

ह्यांचा हात ताटात थांबला. वृंदानं माझ्याकडं बघितलं. दिगंबरच्या चेहऱ्यावर ते सकाळचंच, की बघ, मी म्हणत होतो, तुला आता झेपत नाही. माझ्या हातचा कोबी कसा असतो ते सगळ्या भावकीला माहीत आहे. लग्नाकार्यात बायका मला बोलावून न्यायच्या, कोबी आणि गवार सगुणाक्काकडं द्या म्हणून.

"मी," मी म्हटलं.

"असला?"

"असलाच. यंदापासून असलाच होणार. तुझ्या दातांना काय धाड भरली आहे?"

तो माझ्याकडं बघत राहिला, मग टेबलाकडं, मग स्वतःच्या बापाच्या अंगठ्याकडं, जो हातोडीनं निळा झाला होता आणि आज त्याच्या शेजारच्या बोटाला वृंदानं नवीन पट्टी बांधली होती. हे मुंडी खाली घालून जेवत होते. दिगंबरला काय कळलं ते त्याला माहीत. तो तुकडा त्यानं तोंडात टाकला आणि बराच वेळ चावत बसला.

"बाईला नको म्हणून सांगतो," तो शेवटी म्हणाला.

"भांड्याला येऊ दे," मी म्हटलं. "वृंदाची पाठ दुखते."

वृंदाचे कान लाल झाले. तिची पाठ काही दुखत नव्हती.

ह्यांनी ताट माझ्याकडं वर धरलं आणि कोबी आणखी वाढ म्हणाले.